किर्द जुळण्याचं सुख कुठल्या गेममध्ये मिळेल?

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते:

"मी ५७ वर्षांची आहे. हळदीच्या अडत दुकानात २६ वर्षं हिशोब लिहिला. आधी किर्द-खतावणी, नंतर कॉम्प्युटरवर. गेल्या वर्षी काम सोडलं. मुलगा पुण्याला असतो, त्याचा जुना लॅपटॉप घरी आहे. भाच्याने त्यावर 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम घालून दिला. दोन महिने मी त्यातच होते. मासे पकडायचं मात्र भाच्याकडून करून घ्यायची, माझा हात तेवढा चपळ नाही. गावातल्या त्या पडक्या इमारतीच्या सहाही खोल्या भरल्या आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप उघडावासा वाटेना. भाचा म्हणाला, शेतीचा आवडला ना, मग हे बघ. त्याने आणखी दोन शेतीचे गेम दिले. चार दिवससुद्धा टिकले नाहीत. मग 'पेपर्स, प्लीज' दिला. सीमेवर येणाऱ्यांचे कागद तपासायला फार मजा आली, पण घड्याळ पुढे पळतं, हात चालत नाही, आणि पैसे कमी पडले की घरातली माणसं आजारी पडतात, ते बघवेना. गोळीबार नको. इंग्रजी वाचते, पण सावकाश. रात्री जेवणं झाली की तासभर मिळतो, आमचे हे शेजारी बसून बघत असतात. जाऊबाई म्हणतात, या वयात पोरांचे खेळ कशाला? मला नेमकं काय आवडतं तेच मला कळेना.

जाता जाता एक सांगते. २०१९ च्या पुरात आमच्या मालकांच्या गणपती पेठेतल्या जुन्या दुकानात पाणी शिरलं, वह्या भिजल्या. पट्ट्या, चिठ्ठ्या, वजनाच्या पावत्या वाळवून मी महिनाभर बसून सगळा हिशोब परत उभा केला. त्रास झाला, पण खरं सांगू? अख्ख्या नोकरीत माझं इतकं मन कधी लागलं नव्हतं."

ताई,

पुराची गोष्ट तुम्ही 'जाता जाता' म्हणून शेवटी लिहिलीत, पण माझ्यासाठी ती पहिली आहे. तुम्हाला काय आवडतं ते तिथेच लिहिलेलं आहे. उरलेल्या कागदांवरून काय घडलं ते शोधून काढायचं, प्रत्येक गोष्ट तिच्या जागेवर बसवायची, आणि शेवटी मेळ बसला की नाही ते स्वच्छ कळायला हवं. हे तिन्ही जिथे मिळेल तिथे तुमचं मन लागेल, मग गेम शेतीचा असो की जहाजाचा.

भाच्याची चूक मोठी नाही. बहुतेक जण गेम असाच सुचवतात: विषय बघून. शेतीचा आवडला, दुसरा शेतीचा घ्या. पण स्टारड्यू व्हॅलीत तुम्हाला शेती आवडलीच नव्हती. त्या इमारतीच्या खोल्यांत रिकामे चौकोन असतात आणि कुठल्या चौकोनात काय हवं त्याची यादी असते. गोठ्यातल्या गाईचं दूध असो की रानातली फळं, आणून ठेवलं की चौकोन भरतो. तुम्ही दोन महिने ती यादी पुरी करत होतात आणि पेरणी-कापणी त्या यादीसाठी चालली होती. सहावी खोली भरली, वही पूर्ण झाली, उठलात. मन उडालं असं तुम्ही म्हणता. मला तर काम संपल्यावर माणूस उठतो, तसं वाटलं.

माझ्या वडिलांच्या बाबतीत मीही नेमकं हेच चुकले होते. त्यांना रेल्वेचं वेड. साताऱ्याहून निघाल्यावर कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड, थेट मिरजेपर्यंतची स्टेशनं ते न अडखळता म्हणायचे. कुठली गाडी कुठे थांबते, क्रॉसिंग कुठे होतं, सगळं पाठ. म्हणून मी त्यांना आगगाडी चालवण्याचा एक गेम आणून दिला. अगदी हुबेहूब इंजिन, शिट्टी, ब्रेक. त्यांनी दोन संध्याकाळी बघितला आणि बाजूला ठेवला. इंजिन चालवायचं त्यांच्या मनात कधी नव्हतंच. त्यांचा जीव वेळापत्रकात होता: कुठली गाडी कुठून न्यावी म्हणजे माणसं खोळंबणार नाहीत. पुढे त्यांना फोनवर 'मिनी मेट्रो' दाखवला. न्यूझीलंडच्या 'डायनोसॉर पोलो क्लब' या कंपनीचा २०१५ चा गेम. त्यात इंजिन चालवायचं नसतंच. कागदावर काढल्यासारख्या रंगीत रेषा, ठिपके आणि प्रवासी म्हणजे छोटे त्रिकोण-चौकोन. मुंबईचा नकाशाही आहे. ते त्यात तासन् तास रमायचे. गेम कशावर आहे त्यापेक्षा तो आपल्याला काय करायला लावतो ते बघायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आता तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल' घ्या. लॅटव्हियातल्या दोन भावांनी केलेला २०२२ चा गेम. अठराव्या शतकातल्या १२ मृत्यूंचा उलगडा करायचा. प्रत्येक वेळी एक थांबलेलं चित्र समोर येतं: कुणी कड्यावरून पडतोय, कुणी जेवणाच्या टेबलाशी कोसळलाय. तुम्ही खोलीभर फिरायचं, लोकांचे खिसे तपासायचे, पत्रं वाचायची. जिथे नाव किंवा महत्त्वाचा शब्द सापडेल तिथे क्लिक केलं की तो शब्द खाली जमा होतो. मग एक परिच्छेद येतो, त्यात गाळलेल्या जागा. 'अमक्याने तमक्याला अमुक वस्तूने, या कारणासाठी…' जमवलेले शब्द त्या जागांत बसवायचे. घड्याळ नाही. हात जलद चालायची गरज नाही. मधेच चहा करून आलात तरी चित्र तुमची वाट बघत उभं असतं. इंग्रजी सावकाश वाचता, त्याचीही इथे अडचण नाही, कारण सावकाश वाचणाऱ्यालाच खिशातल्या चिठ्ठीतली खोच दिसते.

यातली एक गोष्ट तुम्हाला फार आवडेल असं मला वाटतं. सगळ्या जागा भरल्या आणि दोन किंवा त्याहून कमी चुकल्या असतील, तर गेम तेवढंच सांगतो. कुठल्या चुकल्या ते सांगत नाही. तुम्ही हिशोब लिहिलाय, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. फरक मोठा असला की सगळंच पुन्हा तपासावं लागतं, पण फरकाला नऊने पूर्ण भाग जातोय म्हटल्यावर माणूस ओळखतो, कुठेतरी ५४ चे ४५ लिहिलेत. चूकच आपला पत्ता सांगते. गोल्डन आयडॉलमध्ये 'दोन किंवा कमी' असं आलं की बहुतेक वेळा दोन माणसांच्या नावांची अदलाबदल झालेली असते. तेव्हा सगळं पुसून टाकू नका.

चित्रं मुद्दाम ओबडधोबड काढलेली आहेत, चेहरे कुरूप आहेत. पहिल्या दिवशी नकोसं वाटेल, तिसऱ्या दिवशी तेच चेहरे ओळखीचे होतील. साधी सपाट चित्रं असल्यामुळे मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर गेम सहज चालेल. अक्षरं बारीक वाटली तर एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. 'ह्यां'नाही शेजारून मान वाकडी करावी लागणार नाही. हा आवडला तर २०२४ मध्ये आलेला त्याचा पुढचा भागही आहे, 'द राइज ऑफ द गोल्डन आयडॉल', त्यातला काळ १९७० च्या दशकातला.

हा झाला सराव. खरा तुमचा गेम पुढचा आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. तुम्हाला आवडलेला आणि छळलेला तो 'पेपर्स, प्लीज' ज्याने केला, त्याच लुकस पोपचा. अमेरिकेतला हा माणूस जपानमध्ये राहतो. विमानतळांवर पासपोर्ट तपासणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून त्याला 'पेपर्स, प्लीज'ची कल्पना सुचली होती. ओब्रा डिन करायला त्याला चार वर्षांहून जास्त लागली आणि तो २०१८ मध्ये आला. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचं एक व्यापारी जहाज आहे. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेलं ते जहाज बेपत्ता होतं. पाच वर्षांनी, १८०७ मध्ये, एके सकाळी ते इंग्लंडच्या किनाऱ्याला आपोआप येऊन लागतं. वर एकही जिवंत माणूस नाही. जहाजावर एकूण ६० जण होते. तुम्ही कंपनीच्या विमा-तपासनीस. हातात एक वही, आणि काम एकच: त्या साठांपैकी प्रत्येकाचं नाव, त्याचं काय झालं आणि कुणामुळे झालं, हे नोंदवायचं. नोंद झाली की विम्याचा हिशोब लागतो.

पुराच्या पाण्यातून वर काढलेल्या वह्यांशी याचं किती साम्य आहे ते बघा. त्या वहीत जहाजावरच्या सगळ्यांची यादी आहे: नाव, हुद्दा, मूळ देश. जहाजाचा नकाशा आहे. कुणीतरी काढलेली तीन चित्रं आहेत, त्यात साठही चेहरे आहेत. नावं एकीकडे, चेहरे दुसरीकडे, आणि कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं ते कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्याकडे एक विलक्षण घड्याळ असतं. (हे घड्याळ तुम्हाला पळवत नाही, घाबरू नका.) मृतदेहाजवळ ते उघडलं की त्या माणसाच्या शेवटच्या क्षणी काय बोलणं झालं ते ऐकू येतं, आणि मग तो क्षण गोठून समोर उभा राहतो. तुम्ही त्यात हवं तेवढं फिरायचं. मरणाऱ्याकडेच बघत राहू नका. मागे कोण उभा आहे, कुणाच्या डोक्यावर कसली टोपी आहे, कोण कुणाजवळ बसलंय, कोण कुठल्या भाषेत ओरडलं, उत्तरं तिथे असतात. यादीत हिंदुस्थानातले खलाशीही आहेत, चीनमधले आहेत, रशियातला आहे. मराठी वाचकाला त्या काळच्या जहाजांवर आपली माणसं काय करत होती याचा एक कोपरा इथे अचानक दिसतो.

आणि मेळ बसण्याची पद्धत! एकेक नोंद बरोबर की चूक, हे गेम सांगत नाही. तीन नोंदी पूर्णपणे बरोबर झाल्या की मगच त्या तीन पक्क्या होतात. वहीतली हस्ताक्षरातली अक्षरं तिथल्या तिथे छापील होतात. त्यामुळे ठोकताळ्याने चालत नाही. दोघांबद्दल खात्री असेल तर तिसऱ्यावर एखाद-दोन अंदाज करून बघता येतात, पण अंधारात दगड मारून साठ जणांचा हिशोब लागत नाही. मी पहिल्यांदा ते तीन चेहरे पक्के झालेले पाहिले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी घरात एकटीच टाळी वाजवली. तुम्ही भिजलेल्या चिठ्ठीवरचं वजन आणि पट्टीवरचं वजन जुळताना पाहिलंय, तुम्हाला ही टाळी कळेल.

एखाद्याचा चेहरा वहीत धूसर दिसत असेल तर समजा की त्याला ओळखण्याइतकी माहिती अजून तुमच्या समोर आलेली नाही. तिथे डोकं शिणवू नका, पुढे जा. जहाजावरचे इंग्रजी शब्द अवघड आहेत, पण वहीच्या शेवटी त्यांचे अर्थ दिलेले आहेत. ती पानं आधी निवांत वाचा. एक कोरी वही शेजारी ठेवा. मला वाटतं, हे सांगायची गरज तुम्हाला नाहीच.

आता सावध राहायच्या गोष्टी. गोळीबार नको म्हणालात. यात तुम्ही कुणावरही शस्त्र उचलत नाही, पण मृत्यू आहेत आणि ते भीषण आहेत. खून आहेत, रोगराई आहे, अपघात आहेत. सगळं पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांत काढलेलं असल्यामुळे ते जुन्या छापील चित्रांसारखं वाटतं, तरी एखाद्या रात्री मन जड होईल. 'पेपर्स, प्लीज'मधल्या आजारपणाने तुम्हाला त्रास झाला, कारण तिथे तुमचा हात मंद पडला म्हणून माणसं मरत होती. इथे जे व्हायचं ते पाच वर्षांपूर्वी होऊन गेलंय. तुम्ही फक्त त्यांची नोंद नीट ठेवायची आहे, आणि माझ्या मते हा फरक फार मोठा आहे. दुसरं, डोळ्यांचं. ठिपक्यांचं चित्र कुणाकुणाला डोळ्यांवर येतं आणि जहाजावर आपण स्वतः चालत असल्यासारखं दिसतं म्हणून काहींना गरगरतं. सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरसारख्या वेगवेगळ्या रंगछटा आहेत, त्यातली सौम्य वाटेल ती निवडा. खोलीतला दिवा चालू ठेवा, तासाच्या वर बसू नका.

हा गेम दोघांनी खेळायला फार चांगला आहे. माउस तुमच्या हातात राहू द्या आणि चेहरे लक्षात ठेवायचं काम 'ह्यां'ना द्या. "अगं, हा मघाशी दोरखंडाजवळ होता की!" असं शेजारून आलं की अर्ध्या तासाचा गुंता सुटतो. पण उत्तरं इंटरनेटवर शोधू नका, भाच्यालाही विचारू नका. हा गेम एकदाच खेळता येतो. उत्तर कळलं की ते विसरता येत नाही.

तिसरं नाव सांगते, ते इंग्रजीचा कंटाळा आला की उघडायला: 'चँट्स ऑफ सेनार', फ्रान्समधल्या रनडिस्क कंपनीचा, २०२३ चा. एक उंच मनोरा, त्यात मजल्यामजल्यावर वेगवेगळे लोक, आणि कुणाचीच भाषा तुम्हाला येत नाही. पाट्या, हातवारे, भिंतीवरची चित्रं बघून एकेका चिन्हाचा अर्थ लावायचा. वहीच्या पानावर चित्रं येतात, त्यांच्यासमोर बरोबर चिन्हं ठेवली की सगळी एकदम पक्की होतात. ही पद्धत तुमच्या ओळखीची झालेली असेल तोवर. प्रत्येक भाषेची अनेकवचनाची रीत वेगळी, शब्दांचा क्रम वेगळा. मार्केट यार्डात कन्नड बोलणारे शेतकरी येतात, त्यांच्याशी पहिल्या वर्षी कसं बोलत होतात ते आठवा: आकडे, बोटं, आणि दोन-चार शब्द. पुढचं कानाने शिकला असाल. हा गेम तेच करायला लावतो. मधे काही ठिकाणी पहारेकऱ्यांची नजर चुकवून सरकावं लागतं. पकडले गेलात तर जवळच्याच जागी परत सोडतात, फार नुकसान नाही. अगदीच जमेना तर तेवढ्यापुरतं भाच्याला बसवा, मासेमारीसारखं.

'हर स्टोरी' हे नाव तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. आत्ता घेऊ नका. २०१५ चा, सॅम बार्लोचा, चांगला गेम आहे. पोलिसांच्या जुन्या मुलाखतींचे तुकडे शब्द टाइप करून शोधायचे आणि एका बाईची हकिकत जुळवायची. पण तुमचा निष्कर्ष बरोबर होता का, हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही. ज्यांना तो अधांतरीपणा आवडतो त्यांच्यासाठी तो आहे. तुम्हाला बेरीज खाली लिहिलेली बघायची असते.

'पेपर्स, प्लीज' पूर्ण सोडून देऊ नका. त्यात सोपा प्रकार निवडता येतो, मग रोज २० क्रेडिट (त्या गेममधले पैसे) जास्तीचे मिळतात आणि घरच्यांचं पोट भरतं. ओब्रा डिन संपल्यावर कधीतरी बघा.

खरेदीचं थोडक्यात. भाच्याने स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) खातं काढून दिलं असेल, तिथेच हे गेम रुपयांत मिळतात. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास झाले नसतील तर पैसे परत मागता येतात. म्हणून ओब्रा डिन घेतलात की पहिल्या दोन संध्याकाळी पाऊण-पाऊण तासच बसा. लॅपटॉप अडखळतोय का, डोळ्यांना सोसतंय का, एवढं तेवढ्यात कळतं. नाही जमलं तर पैसे परत घ्या, संकोच करू नका. एका वेळी एकच घ्या. सेलमध्ये स्वस्त मिळतात म्हणून दहा घेऊन ठेवले की एकही नीट खेळून होत नाही.

जाऊबाईंचं काय? त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी बहुधा हे गेम कधी जवळून पाहिलेलेच नाहीत. तुमच्या सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळात पिढ्यान् पिढ्या माणसं पटावर मान घालून बसलेली आहेत, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या, आणि त्या खेळाला कुणी पोरखेळ म्हणत नाही. तुम्ही वाद घालूच नका. गोल्डन आयडॉलचं पहिलं चित्र उघडं ठेवून एकदा त्यांना चहाला बोलवा आणि विचारा, "वहिनी, याला कुणी ढकललं असेल हो?" बाकी काही बोलू नका. शेजारी कोण राहायला आलं, कुणाचं कुणाशी बिनसलं हे गल्लीत सगळ्यात आधी ज्यांना कळतं, त्या बायकांइतकं हे गेम कुणालाच चांगले जमत नाहीत, हे मी आमच्याच वाड्यात पाहिलंय.

ओब्रा डिनमधले पहिले तीन चेहरे पक्के झाले की मला कळवा. कुठले तीन तेही लिहा. बहुतेकांचे पहिले तीन सारखे असतात, पण तुमचे वेगळे निघतील अशी मला खात्री आहे.

तुमची
सदरलेखिका, सातारा